यादीत नसलेलं वाक्य

तपासणी अधिकारी उखळकर साहेबांनी इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक लिहिलं होतं. कोणत्या क्रियापदापुढे कोणतं अव्यय चालतं याची त्यात भलीमोठी यादी होती, आणि साहेब शाळाशाळांत तीच घेऊन फिरत. मेश्राम बाईंच्या वर्गातली मुलं मात्र औषधांच्या खोक्यांवरची, पत्रांतली खरीखुरी वाक्यं जमवून फळ्यावर लिहीत.

तपासणीला आलेल्या साहेबांनी फळ्यावरच्या एका वाक्यावर बोट ठेवलं. "ही जोडी माझ्या यादीत नाही. असं इंग्रजी अडाणी माणूसच लिहील. पुसा, नाहीतर तुमच्या बदलीची शिफारस करतो."

"पुसते, साहेब," बाई म्हणाल्या. "पण ज्यांनी लिहिलंय त्यांना समज तुम्हीच द्या. माझं ते ऐकायचे नाहीत."

त्यांनी कागद पुढे केला. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं ते इंग्रजी निमंत्रण होतं, त्यात तेच वाक्य होतं आणि खाली उखळकर साहेबांची सही होती.

साहेबांनी पेन काढलं आणि यादीत एक ओळ वाढवली.