क्रूसाचं कुंपण आणि मोगरी म्हैस

आपल्या पणजोबांच्याही पणजोबांच्या आधीपासून केळीच्या वाडीपाशी, वाटेच्या कडेला एक दगडी क्रूस उभा होता. बाजाराला निघालेल्या बाया त्याच्या ओट्यावर टोपल्या टेकवत, आणि मोगरी म्हैस रोज त्याला अंग घासत असे. "अगं बये, जरा हळू!" तो कुरकुरे.

एके दिवशी सरकारी माणसं आली. त्यांनी त्याला संरक्षित स्मारक ठरवलं, भोवती लोखंडी कुंपण ठोकलं आणि 'हात लावू नये' अशी पाटी लावली. नवं दुकान उघडलेल्या शेटसारखा क्रूस फुगला. "मोगरे, आता लांबूनच बरं का!"

"राहा बाबा तुझ्या पिंजऱ्यात," म्हणत मोगरी चिखलात जाऊन बसली.

पावसाळा सरला. घासणारं कोणी नव्हतं, त्यामुळे वेली चढल्या आणि क्रूस पार झाकून गेला. मग साहेब पाहणीला आले.

"अरे, स्मारक चोरीला गेलं! नुसतं झुडूप उरलंय. बुलडोझर आणा, मुळासकट उपटा!"

क्रूसाची पाचावर धारण बसली. "मोगरे, धाव गं माझे आई! घास, हवं तेवढं घास!"

मोगरी उठली. तिच्या एका रेट्यात कुंपण आडवं झालं. तिने असं काही अंग घासलं की वेली गळून पडल्या आणि दगड चकाकू लागला.

साहेब हरखले. "वा! कुंपणामुळे किती छान जपला गेलाय! आता दुप्पट उंच बांधा."

क्रूस हळूच म्हणाला, "मोगरे, तेही मोडशील ना गं?"

"मोडेन की. पण तू आधी जरा वळ बघू, माझी डावी कूस राहिलीय."