शेवटी चालणाऱ्याचं काम

"म्हणजे उद्या कचेरीत माझंच नाव सांगणार ना, टांटी?"

म्हातारी बुटाची नाडी बांधत होती.

टांटी म्हणजे मावशी. कॅरिबियन समुद्रातल्या त्या लहानशा बेटावर यूलालीबाईला सगळेच टांटी म्हणत. चाळीस वर्षं ती पाहुण्यांना डोंगरातली जुनी वाट दाखवत होती. उसाच्या मळ्यांतून पळालेले गुलाम याच वाटेनं वर रानात गेले होते. आता टांटीचे गुडघे कुरकुरू लागले होते, आणि वाट कुणाच्या हाती द्यायची ते तिनं उद्या वनखात्याला सांगायचं होतं.

ऑस्बर्ट सहा वर्षं तिच्या हाताखाली होता. पोरगा हुशार होता. फक्त ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"आज तू ने," टांटी म्हणाली. "मी पाहुणी."

ऑस्बर्ट खूश होऊन पुढं झाला.

साखरेच्या पडक्या कारखान्यापाशी त्यानं मालकाचं नाव सांगितलं, रसाच्या कढया किती होत्या ते सांगितलं, बंडाचं साल सांगितलं. "तेवीस जण पळाले," तो म्हणाला. "तेवीसच्या तेवीस वर पोचले." मग झाडं लागली. तो एकेका झाडाचं नाव घेत गेला, आणि दर वळणावर खोडावर पांढऱ्या रंगाचा एक पट्टा ओढत गेला.

"हे कशाला?" टांटीनं पाहुणीसारखं विचारलं.

"कुणी चुकू नये म्हणून, मॅडम."

"हं…"

वर धुकं उतरलं होतं. माणसापेक्षा उंच नेचे दोन्ही बाजूंनी वाकून उभे होते आणि त्यांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. कुठंतरी एका पक्ष्यानं लांब शीळ घातली. ती संपायच्या आतच ऑस्बर्टनं त्याचंही नाव सांगून टाकलं.

कुणी "हं" म्हणालं नाही.

त्यानं मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"टांटी?"

…

तो परत फिरला आणि थबकला. आत्ताच तो या मऊ चिखलावरून चालत आला होता, पण चिखलात त्याचं एकही पाऊल नव्हतं. गवत सरळ उभं होतं. खोडांवर पांढरं काही दिसेना. या बाजूला कधी कुणी आलंच नसावं, असं ते रान दिसत होतं.

तो डावीकडे धावला, मग उजवीकडे. हाका मारल्या. त्या धुक्यात जिरून गेल्या. त्याला सगळी सालं आठवत होती, त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

ऑस्बर्ट घाबरला. शेवटी तो एका मुळावर बसला आणि त्यानं हाका मारणं सोडलं.

पाणी ठिबकत राहिलं. पक्ष्यानं पुन्हा शीळ घातली, या वेळी ती पुरी झाली. किती वेळ गेला कोण जाणे. तेवीस हा आकडा त्याला तोंडपाठ होता. पण खाली कुत्री भुंकत असताना त्यांतलं एखादं मूल रडू लागलं असेल, तर आईनं काय केलं असेल, हे त्याच्या मनात आजवर कधी आलं नव्हतं. आता आलं.

"थंडी वाजतेय का रे?"

टांटी चार हातांवर बसली होती. मांडीवर नेच्याची एक फांदी, बोटांना चिखल आणि ओला पांढरा रंग.

"तुम्ही इथंच होतात?"

"तुझ्या मागंच."

"आणि माझी पावलं?"

टांटीनं चिखलावरून फांदी हलकेच फिरवली. दबलेलं गवत बोटांनी उभं केलं. "शेवटी चालणाऱ्याचं हे काम. मला आजीनं शिकवलं. तिला तिच्या आजीनं."

"सहा वर्षांत कधी सांगितलं नाहीत!"

"सहा वर्षांत तू कधी मागं पाहिलं नाहीस."

ऑस्बर्ट हळूच म्हणाला, "पण टांटी, ते मालक मेले, त्यांची कुत्री मेली. आता कुणापासून लपवता?"

"आत्ता भ्यायलास?"

"हो."

"किती?"

"…खूप."

टांटीनं फांदी त्याच्या हातात दिली आणि ती उतरू लागली.

ऑस्बर्ट शेवटी. उलटा, वाकून, पावलागणिक पुसत. कंबर मोडून आली तरी तो थांबला नाही. एकाही झाडाचं नाव त्यानं घेतलं नाही.

कारखान्यापाशी धुकं विरळ झालं. खाली समुद्र दिसला.

"उद्या सकाळी ये माझ्याबरोबर," टांटी म्हणाली. "तुझंच नाव सांगते."

ऑस्बर्टचे डोळे भरून आले. ते तिला दिसू नयेत म्हणून त्यानं तोंड फिरवलं. वरच्या वळणावर एक पाऊल राहून गेलं होतं. टाच खोल, चवडा डोंगराकडे.

तो फांदी घेऊन धावणार, तोच टांटीनं त्याची बाही धरली.

"राहू दे ते एक," ती म्हणाली. "अजून कुणीतरी पळून येत असेल."