गुरूकडे पाठ

“पण माई, तुम्ही कुठं गेलात असं लोकांनी विचारलं, तर सांगायचं काय?”

“सुट्टीवर गेल्यात म्हणावं.”

“संन्यासिनीला सुट्टी?”

“देणारा कोणी नाही ना, म्हणून आपली आपणच घ्यायची.”

त्यांचा शिष्य सुव्रतानंद पिशवी भरायला लागला. घाटावरच्या त्या लहानशा मठात माईंच्या शब्दापुढे शब्द काढायची रीत नव्हती.

हे सगळं वरदाबाई नावाच्या एका भक्तीणबाईंमुळे झालं. बाई क्रूझवर जाऊन आल्या आणि मठात येऊन तेच पुराण लावून बसल्या. जहाज म्हणजे तरंगतं शहर, सकाळी डोळे उघडल्यापासून खाणं, आणि जहाजावर पोहायचा तलावसुद्धा! भक्तमंडळी जांभया देऊ लागली. माई मात्र हनुवटीवर हात टेकून ऐकत राहिल्या.

“समुद्रात जाऊन पुन्हा तलावात डुंबायचं! मजाच आहे की!”

क्रूझ मठाच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून मग देवबागची खाडी आणि दोन माणसांची कयाक, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी.

सुव्रतानंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मठात त्याच्याइतका कडक कोणी नव्हता. पंगतीत कोणी हसलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडे. येत्या उत्सवात माई त्याला गादीवर बसवणार होत्या, शालही आणून ठेवली होती. त्याचं वैराग्य बघून लोक हात जोडत.

खरी गोष्ट त्याची त्यालाच ठाऊक होती. घर आठवून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे. आज माईंना सांगून टाकू, असं ठरवून तो त्यांच्यासमोर जाई. त्यांचा तो मायाळू चेहरा दिसला की भलतंच काही विचारून परत येई. मग दुसऱ्या दिवशी स्वारी आणखी कडक होई. घरी त्याला दिगंबर म्हणत. मठात ते नाव कोणी उच्चारायचं नाही, अशी ताकीद त्यानंच देऊन ठेवली होती.

तर असे हे दोघं खाडीवर आले. भगव्या छाटीवर नारिंगी लाइफ जॅकेट चढलं. माई मागच्या जागेवर बसल्या आणि सुव्रतानंद पुढच्या जागेवर, पण माईंकडे तोंड करून.

होडीवाला किनाऱ्यावरून ओरडला, “म्हाराजानू, उलटे बसलास तुमी!”

“बरोबर बसलोय,” सुव्रतानंद म्हणाला. “आम्ही गुरूकडे पाठ करत नाही.”

होडीवाल्यानं माईंकडे पाहिलं. माईंनी नुसतं हसून वल्हं उचललं.

माईंनी वल्हं मारलं. सुव्रतानंदानं जोर लावून मारलं. होडी पुढं जाईना की मागं जाईना. जागच्या जागी गोल फिरू लागली.

“माई, वल्हं जरा जोरात मारा.”

“मारतेय रे.”

त्यानं आणखी जोर लावला. होडी आणखी गरगरली. शेजारून एक सहल खिदळत निघून गेली. सुव्रतानंदाचा घाम पाण्यात टपकू लागला. माईंना मात्र भारी गंमत वाटत होती. त्यांनी एक हात पाण्यात घातला आणि ओंजळभर पाणी त्याच्या तोंडावर उडवलं.

“माई!”

“सुट्टी आहे.”

ओहोटी होती. फिरत फिरत होडी एका उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्याला लागली. माई खाली उतरल्या, मागोमाग तोही. माईंनी पायानं जराशी वाळू उकरली.

“आता सरळ बस.”

“तुमच्याकडे पाठ करून?”

“हं.”

“माई, हे काय सांगताय? लहानपणापासून शिकवलंय आम्हाला...”

“मी नाही शिकवलं.”

तो वाळूत तसाच उभा राहिला. माईंनी त्याच्या खांद्याला धरून त्याला वळवलं आणि हलकेच पुढं ढकललं.

होडीवाला किनाऱ्यावर हात हलवत होता. “एकदा बसल्यार मागे वळू नकात हां! होडी पलटी मारतली!”

सुव्रतानंद बसला. मागं माई बसल्याचं होडीच्या हेलकाव्यावरून कळलं. त्यानं वल्हं मारलं, आणि होडी सुरकन पुढं निघाली.

त्याला हसूच आलं. किती सोपं होतं हे.

दोन्ही काठांवर माड होते. समोर कोणी नव्हतं. नुसतं पाणी, आणि लांब खाडीच्या मुखाशी समुद्राची पांढरी रेघ. ज्या चेहऱ्यापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, तो चेहरा आज मागं होता...

“माई.”

“हं.”

“मला गादी नको. मला घरी जायचंय.”

बोलून गेला खरा, आणि वल्हं आणखी जोरात मारू लागला.

मागून नुसता पाण्याचा चुबूक चुबूक आवाज. माईंचं वल्हं पाण्यात पडलं, उठलं, पुन्हा पडलं...

“आईला माझी फार आठवण येते, असं मी सगळ्यांना सांगतो ना? ते खोटं आहे. मला तिची येते. रोज येते.”

वल्हं पडलं, उठलं...

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून त्यानं वाहू दिलं. छातीवरचा धोंडा कोणी उचलून खाडीत टाकावा तसं त्याला हलकं हलकं वाटत होतं. तो मोठ्यानं हसला. पंगतीत हसणाऱ्यांवर डोळे वटारणारा हाच तो, हे त्याचं त्यालाही खरं वाटलं नसतं. वाऱ्याचा खारट वास त्यानं छाती भरून घेतला. वल्हं आपोआप चाललं होतं.

मग त्याच्या ध्यानात आलं. मागचा आवाज थांबला होता.

त्यानं वल्हं मारायचं थांबवलं.

“माई?... रागावलात?”

वल्हं मांडीवर आडवं ठेवून तो वळू लागला. होडी एका अंगाला कलली.

माईंचा ओला हात त्याच्या पाठीवर टेकला.

“मागं बघू नकोस, दिगंबर. होडी कलंडेल.”