पत्रावळीखालची चटणी

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या डोंगराच्या पायथ्याशी ती घडली, त्या डोंगरावर तेव्हा पाऊल टाकायला जागा नव्हती, एवढ्या करवंदीच्या जाळ्या होत्या.

त्या डोंगराखाली एक गाव होतं. चैत्र सरत आला की गावदेवीचा उत्सव यायचा आणि सगळं गाव देवळाच्या अंगणात एकाच पंगतीला बसायचं. भात एका घरचा, आमटी दुसऱ्या घरची, पुरण तिसऱ्या घरचं. पण पत्रावळीवर डाव्या बाजूला सगळ्यात आधी वाढायची ती एकाच घरची करवंदांची चटणी. कच्ची करवंदं धुऊन, त्यांचा चीक काढून, ठेचून, गूळ, मीठ आणि लाल मिरची घालून केलेली. ती पानात पडल्याशिवाय कोणी भाताला हात लावत नसे.

ती चटणी करायचा मान एका म्हातारीचा होता. तिच्या आधी तो तिच्या सासूचा होता. मोजमाप कुठेच नव्हतं. मीठ मुठीत आणि अंदाज बोटांत. शिवाय देवीला नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचं नाही, असा नेम.

आणखी एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवा. चटणी करणारीने उष्ट्या पत्रावळ्या उचलायच्या नाहीत. ते काम घरातल्या सुनेचं. पण ज्या वर्षी ती हा मान सुनेच्या ओटीत घालील, त्या वर्षी मात्र तिने स्वतःच्या हाताने सगळ्या पत्रावळ्या उचलायच्या. पानं किती पुसून खाल्ली आहेत ते डोळ्यांनी बघायचं, आणि मग मोकळं व्हायचं.

तर त्या घरात एक नवी सून आली. फार कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या सुनेचं सासरी कौतुक होतं, तसं हिचंही झालं. माहेरी तिला आई नव्हती. सासूला ती आत्याबाई म्हणे, आणि आत्याबाई तिला लेकीसारखं वागवी. जाळीतली करवंदं कशी काढायची हेसुद्धा तिनेच शिकवलं.

"काट्याला घाबरायचं नाही गं. काटा कुठे आहे ते आधी बघायचं, मग हात घालायचा."

लग्नानंतर महिन्याभरातच उत्सव आला. पंगत उठली आणि सून पत्रावळ्या उचलायला वाकली. पहिल्या पानावर डाव्या बाजूला चटणी तशीच. दुसऱ्यावर तशीच. शेवटच्या पानापर्यंत तशीच. तिने गुपचूप बोटावर घेऊन चाखली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. निम्मं मीठच होतं.

तिकडे देवळाच्या पायरीवर बसून गुरवबाबा आत्याबाईला मोठ्याने सांगत होते, "वहिनी, चटणी म्हणजे काय चटणी! बोटं चाटत राहावं माणसाने!" आणि पाण्याचा तिसरा तांब्या तोंडाला लावत होते.

कारण हळूहळू सुनेला कळलं. तिच्या लग्नाआधीच्या थंडीत आत्याबाईला मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. रोजचा स्वयंपाक आता सुनेकडे होता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आत्याबाईच्या तर नाहीच नाही.

"हल्लीच्या मिठात दम राहिला नाही बघ," ती म्हणे, आणि आणखी एक मूठ घाली.

सुनेने त्या वर्षी सगळी चटणी परसातल्या खड्ड्यात पुरली. कुंपणावर एक कावळा बसला होता. त्याने खाली उतरून चोच लावली आणि थुंकून टाकल्यासारखी मान झटकली.

"मी काय काय खातो ते तुला ठाऊक आहे," कावळा म्हणाला. "पण हे नाही बाई. म्हातारीला सांग."

"मी कशी सांगू? मी नवी आहे."

"पुढच्या वर्षी जुनी होशील. तेव्हा सांगशील?"

सुनेने खड्ड्यावर माती लोटली आणि हात धुऊन घरात आली. आत्याबाई उंबऱ्यातच बसली होती. तिने विचारलं, "पानात काही उरलं होतं का गं?"

"नाही, आत्याबाई. सगळं पुसून खाल्लं."

म्हातारीच्या चेहऱ्यावर असं काही हसू उमटलं, की आपण फार चांगलं काम केलं असं सुनेला वाटलं.

दुसऱ्या वर्षीही तेच झालं. तीच पानं, तोच खड्डा, तोच प्रश्न, तेच उत्तर. फरक एवढाच, की चटणीत मीठ आणखी एक मूठ जास्त होतं.

तिसऱ्या वर्षी उत्सवाच्या आदल्या दिवशी आत्याबाई करवंदं ठेचता ठेचता म्हणाली, "पोरी, यंदाची शेवटची. उद्या पत्रावळ्या मी उचलणार. पुढच्या वर्षीपासून हा मान तुझा."

बोलायची हीच वेळ होती. समोर परातीत हिरवी करवंदं होती, मिठाला अजून हात लागला नव्हता. ती म्हणाली, "आत्याबाई..."

"काय गं?"

म्हातारीचे डोळे आनंदाने चमकत होते. सून म्हणाली, "काही नाही. गूळ किसून देऊ का?"

मग ती गावात घरोघर हिंडली. जन्मात बोलली नव्हती एवढं त्या एका संध्याकाळी बोलली. प्रत्येक दारात एकच विनवणी: "उद्या पानात चटणी ठेवू नका. आत्याबाई स्वतः पत्रावळ्या उचलणार आहेत."

"एवढंच ना?" गुरवबाबा म्हणाले. "अगं, म्हातारीचा मान तो आमचा मान. जा, बिनघोर झोप."

गाव मायाळू होतं, शब्दाला पक्कं होतं. दुसऱ्या दिवशी पंगत उठली तेव्हा एकाही पत्रावळीवर चटणीचा कण नव्हता. पुरुषांच्या नाही, बायकांच्या नाही. आत्याबाई पंगतीच्या टोकाला उभी राहिली, तिने ती स्वच्छ पानं पाहिली आणि पदराने डोळे टिपले.

"सुटले गं बाई," ती म्हणाली, आणि पहिली पत्रावळी उचलायला वाकली.

खाली सारवलेल्या जमिनीवर चटणीचा गोळा होता.

तिने दुसरी उचलली. खाली गोळा. तिसरी उचलली. कोणी पानाच्या काठाखाली सारली होती, कोणी मधोमध, गुरवबाबांनी तर वरून पुन्हा पत्रावळी दाबून सपाट केली होती. एवढ्या माणसांना वेगवेगळा विचार करूनही एकच युक्ती सुचली होती. म्हातारी एकेक पान उचलत गेली, सावकाश, रीत अर्धी सोडायची नसते म्हणून.

शेवटचं पान सुनेचं होतं. त्यापाशी ती जरा थांबली. सुनेने मान खाली घातली. आत्याबाईने ते पान उचललं.

त्याच्याखालीही होती.

दोघी घरी आल्या. उंबऱ्यात बसल्यावर म्हातारीने विचारलं, "किती वर्षं?"

"तीन."

"चव कळेनाशी झाली, ते माझं म्हातारपण. तुला कळत होतं आणि तू सांगितलं नाहीस, ते काय होतं गं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलंच असतं," आत्याबाई म्हणाली. "चार दिवस रडले असते. पण पहिल्या वर्षी माझ्या हाताला खरं माप आठवत होतं, पोरी. तुझी मूठ माझ्या मुठीत धरून मीठ घातलं असतं. चाखायला तू होतीस की. आता तीन वर्षं हात वाढवत वाढवत कुठे गेला, तो मलाच सापडायचा नाही."

आणि तसंच झालं. जाळ्यांवर शेवटची करवंदं होती तोवर दोघींनी रोज चटणी केली. आत्याबाई मुठीत मीठ घेई, अर्धं सांडी, पुन्हा घेई. सुनेने खरी चव कधी चाखलीच नव्हती, ती तरी काय सांगणार? म्हणून वाडगं घेऊन ती घरोघर गेली. "खरं सांगा, तुमच्या आठवणीतली चटणी अशी होती का?"

एक म्हणाला मीठ कमी, दुसरा म्हणाला जास्त. गुरवबाबांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "वा! बोटं चाटत राहावं माणसाने!" मग स्वतःच ओशाळले. तीन वर्षं खोटं बोललेल्या गावात आता खऱ्याला साक्षीदार उरला नव्हता.

त्या पावसाळ्यात आत्याबाई गेली. जाताना रागावलेली नव्हती. फक्त शेवटच्या दिवसात सुनेने भरवलेल्या प्रत्येक घासाला ती विचारी, "हे खरंच चांगलं झालंय का गं?" आणि सून "हो" म्हणाली तरी तिचा चेहरा तसाच राही.

सून पुढे स्वतः सासू झाली, म्हातारी झाली. करवंदांची चटणी तिने पुन्हा केली नाही. उत्सव मात्र होत राहिला. अजूनही त्या गावात पंगत बसली की वाढणारी बाई पत्रावळीच्या डाव्या बाजूला अंगठ्याएवढी जागा रिकामी सोडते, आणि मगच भात वाढते. लहान मुलं विचारतात, "इथे काय असतं?" त्यांना कोणी उत्तर देत नाही, कारण ती चव सांगता येईल असं आता कोणी राहिलं नाही.

बोध: ज्याच्यावर माया आहे त्याला खरं वेळेवर सांगावं; झाकून ठेवलेलं खरं शेवटी त्याच्याच हाताला लागतं.