राजाची पहिली भाकरी

लिहा म्हणे गोष्ट! दोन यत्ता शिकलेल्या म्हाताऱ्याच्या मागं लागायला लाज कशी वाटत नाही? घ्या, लिहितो. मधेच "असं कुठं असतंय का" म्हणून विचारायचं नाही.

एका राज्यात दुर्गसेन नावाचा राजा होता. मनानं लोणी, पण अक्कल सगळी उसनी. आंघोळीला पाणी ऊन घेऊ का गार, हेही प्रधानाला विचारायचा. एकदा दरबारात धूम्रकेश मांत्रिक आला. राजानं हात जोडून विचारलं, "महाराज, सिंहासनावरून उतरताना आधी पाय कुठला टाकू?"

मांत्रिकाचं टाळकं सणकलं. "दुसऱ्याच्या अकलेवर जगतोस? मग आजपासून जो जे सांगेल, ते तुला करावंच लागेल!"

शाप लागला. वाढपी म्हणाला, "घ्या आणखी," तर राजानं लाडवांची परात संपवली. राणी कनकावती वैतागून म्हणाली, "झाडावर जाऊन बसा!" तर राजा पिंपळावर. शेजारच्या रणमल्ल राजाला हे कळलं. त्यानं निरोप धाडला, "पुनवेला येतो. 'राज्य दे' एवढंच म्हणणार आहे."

राणीनं बोलकी साळुंकी राजाच्या खांद्यावर बसवली. "जा, उःशाप घेऊन या." राजा निघाला. सांगितलं होतं ना!

मांत्रिक म्हणाला, "तीन वस्तू आण. अग्नितळ्यातलं कमळ, गरुडाचं सोन्याचं पीस, नागाच्या गुहेतला माणकांचा घडा."

साळुंकी म्हणाली, "वाक." राजानं कमळ खुडलं. गरुडाच्या घरट्यातलं पीस उचलायला लावून साळुंकी म्हणाली, "आता पळ!" राजा पीस घेऊन पळाला. घोटाळा झाला तो गुहेत. तिथं कुणाच्याच तोंडून शब्द फुटत नसे. साळुंकीनं चोच उघडली, आवाज नाही. नाग घड्याला वेटोळं घालून बसलेला. राजा हुकमाची वाट बघत उभा राहिला. पाय दुखले, पोटात कावळे ओरडायला लागले.

कोपऱ्यात कुणा पळालेल्या चोराची चूल होती, तवा होता, पीठ होतं. राजानं जन्मात पहिल्यांदा भाकरी थापली. वेडीवाकडी, एकीकडं कच्ची, दुसरीकडं कोळसा. ती बघून राजाला हसू फुटलं. गुहेत शब्द मरायचे, हसू नाही. सारी गुहा खदखदली. हसत हसतच त्यानं भाकरी मोडली अन् अर्धी नागापुढं ठेवली. नागाला आजवर मंत्र मिळाले, तलवारी मिळाल्या, भाकरी कुणी दिली नव्हती. त्यानं ती खाल्ली आणि वेटोळं सोडलं. राजानं घडा उचलला अन् तिन्ही वस्तू मांत्रिकापुढं नेऊन ठेवल्या.

मांत्रिकानं कमळ फेकलं, पीस फेकलं. "ही साळुंकीची अक्कल. घडा तेवढा तुझ्या अकलेचा. आता बोल, कसं जगावं?"

"आपल्या हातानं करून बघावं. बिघडलं तर हसावं. झालं त्यातलं अर्धं दुसऱ्याला द्यावं."

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"मग नाच!"

राजा जागचा हलला नाही. शाप तुटला होता. हे ध्यानात आलं, तेव्हा मात्र तो आपल्या मर्जीनं नाचला. मांत्रिकालाही ओढलं त्यानं.

पुनवेला रणमल्ल आला. फौज आणलीच नव्हती, मिरवायला पालखी तेवढी होती. "राज्य दे!"

"नाही देत. भाकरी देतो. बसा."

रणमल्लानं घास घेतला. दाढ हलली. राणी पदराआड हसली, भोई हसले, शेवटी गाल धरून तोही हसला आणि आल्या वाटेनं गेला. राज्य ज्याचं त्याच्याकडं राहिलं, साळुंकी पिंपळावर गेली, अन् राजाची भाकरी पुढं चांगली गोल व्हायला लागली.

राजा कधी भाकरी थापतो का, म्हणत ज्यानं पारावर चारचौघांत मला खोटारडा ठरवलं, त्यानं अजून माफी मागितलेली नाही. नाव लिहूनच ठेवतो. दगडू माळवदे.