तीस बरण्यांचं त्रैराशिक

"एका बरणीतलं कैरीचं लोणचं मुरायला तीस दिवस लागतात. तर तीस बरण्यांतलं किती दिवसांत मुरेल?"

चिंचणगडाच्या सर्जेराव महाराजांनी भर दरबारात प्रश्न टाकला आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. "एका दिवसात!"

"धन्य ती बुद्धी!" भानुशास्त्री म्हणाले. महाराजांना त्रैराशिक शिकवण्याचं पाप त्यांचंच. गेल्याच आठवड्यात महाराजांनी हिशेब मांडला होता, की एक न्हावी घटकाभरात हजामत करतो, तर चार न्हावी पाव घटकेत करतील. चौघेही एकदम डोक्याला भिडले. गणित अगदी बरोबर आलं. फक्त महाराजांच्या उजव्या कानाला पट्टी आली.

आता पाळी लोणच्याची होती. जुनी बरणी महाराजांनी एकट्यानं फस्त केली होती, आणि लोणच्यावाचून त्यांना घास उतरत नव्हता.

मुदपाकखान्याचे मुख्य आचारी विसोबा हात जोडून म्हणाले, "महाराज, लोणचं म्हणजे काही मजूर नव्हे, चार जादा लावले की काम लवकर उरकायला."

"गणिताला उलट उत्तर?" महाराज कडाडले. "तीस बरण्या भरा! उद्या दुपारच्या पानात मुरलेलं लोणचं दिसलं नाही, तर चंबूगबाळं आवरायचं आणि गड उतरायचा!"

विसोबा घरी आले ते डोक्याला हात लावूनच. "द्वारके, संपलं गं सगळं. या वयात आता कुणाच्या चुलीपुढे उभा राहू?"

त्यांची लेक द्वारकी कुणाच्या बापाला न भिणारी. स्वतःच्या बापाला तर नाहीच. "आप्पा, रडायचं मागाहून बघू. आधी कैऱ्या फोडायला घ्या. आणि मोहरी, तिखट घालताना हात राखू नका. महाराजांसाठी आहे, कंजूषपणा कशाला?"

संध्याकाळपर्यंत तीस बरण्या भरून झाल्या.

दुसऱ्या दिवशी पानं मांडली गेली. महाराजांनी मोठ्या हौसेनं एक फोड तोंडात टाकली. 'कचकन' आवाज झाला, आणि राजमुद्रा अशी काही वाकडी झाली की वाढपी भिंतीकडे बघू लागले.

"हे मुरलंय? दात आंबले माझे! कुठंय तो विसोबा?"

विसोबांनी हात जोडले. पण बापामागून एक ताट घेऊन आलेली द्वारकी पुढे झाली. "महाराज, ही फोड एकाच बरणीतली आहे. बरणीला लागतात तीस दिवस, मिळाला एक. मग ती किती मुरली? शास्त्रीबुवा, सांगा ना! तुमच्यासारखं गणित आम्हाला कुठून येणार?"

"एक तिसांश," शास्त्री फुशारून म्हणाले.

"आणि अशा तीस बरण्यांतले तीस तिसांश मिळून?"

"एक पूर्ण! सोपं आहे."

"मग लोणचं पूर्ण मुरलंय, महाराज! फक्त तीस ठिकाणी वाटलं गेलंय." द्वारकीनं हातातलं ताट पुढे सरकवलं. त्यात प्रत्येक बरणीतली एकेक फोड होती, लालभडक. "सगळ्या एकदम तोंडात घ्या. एकोणतीसच घेतल्या तर मात्र कच्चं लागेल हं!"

महाराजांनी ताटाकडे पाहिलं. मग द्वारकीकडे. मग ताट हळूच डावीकडे सरकवलं. "शास्त्रीबुवा, विद्या तुमची. पहिला मान तुमचा."

नाही म्हणायची सोय नव्हती. शास्त्रीबुवांनी चार फोडी कशाबशा कोंबल्या. डोळ्यांना धारा, नाकाला धारा, शेंडी ताठ!

"महाराज," ते कळवळून ओरडले, "त्रैराशिक लोणच्याला लागू पडत नाही!"

"मग हे काल का नाही बोललात?"

"काल तोंडात फोड नव्हती, महाराज!"

महाराज इतके खदखदून हसले की कानाची पट्टी सुटून पानात पडली. "विसोबा, हा मुदपाकखाना जन्मभर तुमचा! आणि पोरी, तुला काय हवं? माग!"

"एकोणतीस दिवस द्या, महाराज. बरण्यांना हात लावायचा नाही, झाकण उघडून बघायचं नाही, आणि तोवर मुदपाकखान्यात कुणी गणित आणायचं नाही!"

महाराज पुन्हा पोट धरून हसले. हातातलं सोन्याचं कडं उतरवून त्यांनी द्वारकीच्या हातात घातलं. भानुशास्त्री मात्र अजून पाणीच पीत होते.