भरतेशचं शास्त्रदान

“महाराज, विश्वास कुणावर ठेवावा? ज्या प्रकाशकानं जगात माझं नाव केलं त्याच्यावर, की अजून मंजूरही न झालेल्या कायद्यावर?”

पाण्यावर संशोधन करणारा भरतेश मगदूम विचारत होता. चातुर्मास असूनही टेकडीवरच्या जैन मंदिरात त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. म्हातारे मुनी अनर्घसागर मोरपिसांची पिंछी घेऊन एकटेच बसले होते.

“कायदा म्हणतो काय?”

“सरकारी पैशातून झालेलं संशोधन सर्वांना फुकट वाचता यावं. प्रकाशकाशी करार काहीही झालेला असो, लेख खुला करायचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहावा. सोमवारी मसुदा तपासणाऱ्या समितीपुढं माझी साक्ष आहे.”

“मग दे की.”

“प्रकाशक मला संपादक करतोय, महाराज. आपल्या भागातला पहिलाच! आता कायद्याच्या बाजूनं बोललो तर...”

महाराजांनी पिंछीनं समोरची फरशी हलकेच झाडली.

भरतेशनं पिशवीतून त्याच प्रकाशकाचं, गुळगुळीत कागदाचं संशोधन-मासिक काढलं. आपल्या गावच्या बोअरचं पाणी तपासून, पोरांचे दात पिवळे का पडतात, ते त्यानं त्यात लिहिलं होतं. काम खणखणीत. गावाला मात्र ते वाचायला मिळालं नव्हतं. हल्ली तो पारावर दिसला की लोक “बरं हाय न्हवं?” एवढं म्हणून वाट धरायचे. पाण्याचं काय निघालं, हे विचारायचंही त्यांनी सोडून दिलं होतं.

“मुनींना ग्रंथ देतात तसं हे शास्त्रदान समजा.” त्यानं दोन्ही हातांनी मासिक पुढं केलं.

महाराजांनी हात मागं घेतला.

“न दिलेलं मुनी घेत नाहीत. ठाऊक आहे ना?”

“अहो, मी देतोय की!”

“आहे कुणाचं?” गिऱ्हाईकानं सहज भाव विचारावा, तसा प्रश्न.

“माझं. विकत घेतलेली प्रत आहे.”

“कागद तुझा. आतलं?”

“तेही मीच लिहिलंय.”

“गावात छापून वाटशील?”

“तसं नाही करता येत... हक्क सगळे प्रकाशकांना लिहून दिलेत.”

“मग दाता ते. त्यांना घेऊन ये.”

भरतेश हसला. महाराज हसले नाहीत.

पुढं केलेले हात तसेच राहिले... वाऱ्यानं पानं फडफडली. शेवटी त्यानंच मासिक मांडीवर ठेवलं.

“साक्ष दिली तर पद जाईल,” तो हळू म्हणाला. “विद्यापीठात शेजारी कुणी बसणार नाही. गाव तर आधीच तुटलंय. अगदी एकटा पडेन, महाराज.”

महाराज कमंडलू उचलून उठले.

“पडशील... कुणाचं कुणाला दिलंस, हिशेब तेवढा चोख ठेव.”